तोंडाच्या कॅन्सरनंतर दारूचं काय करायचं: निर्णय ग्लास समोर येण्याआधी घ्या

कोल्हापुरात शाहूपुरीत माझा ऑफसेट छपाईचा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, उरुसाची पत्रकं, निवडणूक आली की हँडबिलं. जून २०२१ मध्ये माझ्या जिभेच्या डाव्या कडेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जिभेचा तेवढा भाग काढला, मानेतल्या २८ गाठी काढून तपासल्या. एकीत कॅन्सर निघाला म्हणून पुढे सहा आठवडे ३० शेक घेतले. शेक म्हणजे रेडिएशन. आमच्या वॉर्डात सगळे शेकच म्हणायचे. तंबाखू मी २२ वर्षं मळली. दारू बुधवारी आणि रविवारी, मटणाच्या ताटाबरोबर. कोणी विचारलं की सांगायचो, "दोनच पेग."

डिस्चार्जच्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, "तंबाखू व मद्य वर्ज्य." तंबाखूबद्दल डॉक्टरांनी बजावलं, सिस्टरनी बजावलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानंही हात धरून सांगितलं. मद्याबद्दल त्या एका शब्दापुढे कोणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं तर "कायमची बंद" असं उत्तर येईल, याची मला भीती वाटत होती.

न विचारल्यामुळे माझ्या डोक्यात तो प्रश्न आठ महिने तसाच लोंबकळत राहिला. अशा प्रश्नाचं उत्तर मग दुसरंच कोणीतरी देतं. माझ्या बाबतीत ते मेहुण्यानं दिलं.

मे २०२२, पुतण्याची हळद. गच्चीवर मांडव, खाली डीजे. मेहुणा प्लास्टिकचा ग्लास घेऊन आला. "दाजी, थर्टीच हाय, सोडा भरपूर घातलाय. एवढ्यानं काय हुतंय?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी बरा झालो याचाच त्याला आनंद झाला होता. मी ग्लास घेतला. पहिला घोट जिभेवर, जिथं शिवलंय त्या कडेला लागला आणि मिरची घासल्यासारखी आग झाली. ती थांबायच्या आत दुसरा घोट घेतला, तो सरळ श्वासनलिकेत गेला. खोकला थांबेना, सोडा नाकातून बाहेर आला. पाण्याच्या टाकीला धरून मी पाच मिनिटं वाकून उभा होतो. पण मी खरा घाबरलो तो त्यानंतर. पंधराएक मिनिटांनी खुर्चीवर बसलो असताना माझा उजवा हात आपोआप शर्टाच्या खिशात गेला. पुडी शोधायला. आठ महिन्यांत तो हात एकदाही तिकडे गेला नव्हता.

त्या रात्रीपासून मी हा विषय धंद्यातल्या हिशेबासारखा हाताळायला घेतला. ज्यांचे उपचार संपलेत किंवा संपत आलेत, आणि "आता थोडी चालेल का" हा प्रश्न ज्यांच्या मनात आहे, त्यांना मी कसं ठरवलं ते सांगतो. माझं उत्तर "नाही" असं आलं. तुमचंही तेच यावं असं मला मनापासून वाटतं. तरी ते माझ्या सांगण्यावरून आणू नका. स्वतःचे रिपोर्ट समोर ठेवून आणा, म्हणजे ते टिकेल.

आधी पूर्वीची दारू खरी मोजा

हे सगळ्यात आधी करा, कारण पुढच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर यावर अवलंबून आहे. आणि आपण सगळेच यात चुकतो. खोटं बोलायचं म्हणून चुकत नाही, कधी मोजलेलंच नसतं म्हणून चुकतो.

हळदीनंतरच्या रविवारी बायकोनं माझा जुना काचेचा ग्लास ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, "अहो, तुम्ही नेहमी ओतायचा तेवढं यात पाणी ओता." मी दोन बोटं ओतलं, नेहमीसारखंच. तिनं खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकण घेतलं आणि ते पाणी झाकणाझाकणानं वाटीत काढायला लागली. तीन झाकणं झाली तेव्हा मला वाटलं संपत आलं. सहा झाली, सात झाली, वर अर्धं उरलं. ७५ मिली. माझा एक पेग म्हणजे ७५ मिली, आणि "दोनच पेग" म्हणजे १५० मिली. क्वार्टरला फक्त ३० मिली कमी. त्या झाकणाचा टक टक आवाज माझ्या अजून लक्षात आहे. ती एक शब्द बोलली नाही.

तुम्हीही हे पाण्यानं करून बघा. मग त्याचं ग्रॅममध्ये रूपांतर करा. बाटलीवरचे टक्के आणि मिली यांचा गुणाकार करून १०० ने भागायचं, येईल त्याला ०.७९ ने गुणायचं. येतं ते शुद्ध अल्कोहोल, ग्रॅममध्ये. आपल्याकडची व्हिस्की, रम ४२.८ टक्क्यांची असते. तिचे ३० मिली म्हणजे जवळजवळ बरोबर १० ग्रॅम. क्वार्टर म्हणजे साधारण ६१ ग्रॅम. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम. "मी फक्त एक बिअर घेतो" म्हणणारा माणूस चार थर्टी घेत असतो. ५ टक्क्यांची साधी बिअर घेतली तरी बाटलीत २५ ग्रॅमच्या वर जातं. नाशिकची वाइन १३ टक्क्यांची धरली, तर १५० मिलीच्या ग्लासात १५ ग्रॅम. वाइन सभ्य आणि देशी वाईट, हा फरक समाजानं केलेला आहे. तोंडाच्या आतल्या त्वचेला तो कळत नाही. तिच्यासाठी सगळं इथेनॉलच.

याच बैठकीत स्वतःला चार प्रश्न विचारा. डॉक्टर ते नेहमी वापरतात. दारू कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कोणी तुमच्या पिण्यावर बोललं की चीड आली का? पिण्याबद्दल कधी अपराधी वाटलं का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावा किंवा डोकं ताळ्यावर यावं म्हणून घ्यावी लागली का? दोन किंवा जास्त उत्तरं "हो" आली, तर "थोडी घेऊ का" हा तुमचा प्रश्नच नव्हे. तुमचा प्रश्न व्यसनाचा आहे, आणि त्याला वेगळी मदत लागते. ती पुढे सांगतो.

दारू तोंडात नेमकं काय करते

तंबाखूमुळे कॅन्सर होतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पुडीवर सडलेल्या जबड्याचे फोटो असतात. दारूच्या बाटलीवर तसे फोटो नाहीत, म्हणून दारू लिव्हरचं बघते आणि तोंडाचं तंबाखू बघते असा आपला समज झालाय. मीही तसंच मानत होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं दारूला १९८८ सालीच कॅन्सरकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात. आणि तेव्हाच्या यादीत तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका ही नावं लिव्हरच्या बरोबरीनं होती. सुपारीही २००४ साली त्याच गटात गेली.

दारू शरीरात गेली की तिचं एसिटाल्डिहाइड होतं. हे पेशींच्या डीएनएला इजा करतं. लिव्हरमध्ये ते होतं हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण तोंडातले जंतूही थेट तोंडातच ते तयार करतात, आणि लाळेत त्याचं प्रमाण रक्तापेक्षा जास्त होतं. आता आपला विचार करा. शेक घेतलेल्या माणसाची लाळ आटलेली असते, जी उरते ती चिकट. तोंड धुऊन निघायला पुरेसं पाणीच नसतं. दात किडलेले, घासायला तोंड पूर्ण उघडत नाही, म्हणून जंतूही जास्त.

दुसरी गोष्ट मला माझ्या धंद्यातून कळली. रोलरवर वाळलेली शाई पाण्यानं निघत नाही. सॉल्व्हंट लावलं की सुटते, आणि हातमोजा नसेल तर कातडीतही मुरते. दारू तोंडात हेच काम करते. ती सॉल्व्हंट आहे. तंबाखूतली विषं तिच्यामुळे आतल्या थरांत सहज शिरतात. म्हणून तंबाखू आणि दारू एकत्र असली की धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

तिसरी गोष्ट ऐकून तर मी ओपीडीतल्या खुर्चीवर गप्प बसलो. डॉक्टरांनी शब्द वापरला, फील्ड कॅन्सरायझेशन. १९५३ सालापासूनची ही कल्पना आहे. मी शेतकऱ्याचा मुलगा, मला ती हरळीसारखी समजली. बांधावरचा एक गड्डा खणून काढला म्हणजे हरळी गेली असं होत नाही, मुळ्या रानभर पसरलेल्या असतात. २२ वर्षं तंबाखू आणि दारू ज्या ज्या त्वचेवरून गेली, ती सगळी त्वचा भाजलेली आहे. दुसरा गाल, घसा, अन्ननलिका, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याचं फुफ्फुसही. त्यामुळे आपल्यासारख्या रुग्णांत दरवर्षी साधारण शंभरातल्या दोन ते चार जणांना नवा, दुसरा कॅन्सर होतो. पहिला उलटला असं नाही, अगदी वेगळा. जे पुढेही पीत राहतात त्यांच्यात तो जास्त होतो.

"पाच वर्षं झाली, आता घे की" असं म्हणणाऱ्यांना ही गोष्ट माहीत नसते. पहिला कॅन्सर परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, आणि पाच वर्षांनी ती भीती बरीच कमी होते, हे खरं. पण दुसऱ्या नव्या कॅन्सरची शक्यता पाच वर्षांनी संपत नाही. ती वर्षावर वर्ष साचत जाते. पाच वर्षांचा दाखला मिळाला म्हणून दारूला परवानगी मिळत नाही.

याची चांगली बाजूही सांगतो, कारण तिनंच मला बळ दिलं. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच संशोधन संस्थेनं जाहीर केलं की दारू कमी केल्यानं किंवा सोडल्यानं तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका घटतो, याला पुरेसा पुरावा आहे. धोका एका दिवसात जात नाही, वर्षं लागतात. पण तो कमी होतो. बिघडलंय तेवढं बिघडलंय, आता काय, असं म्हणायला जागा नाही.

उपचारानंतरचा काळ

उपचार चालू असताना आणि संपल्यावर तोंड पूर्ण भरून येईपर्यंत दारूचा प्रश्नच काढू नका. शेक संपल्यावरही फोड आणि सालपटं भरायला महिना-दोन महिने जातात. तोवर दारू म्हणजे जखमेवर स्पिरिट. त्यात वजन घटलेलं असतं, माझं ११ किलो गेलं होतं. दारूनं पोट भरल्यासारखं वाटतं आणि अंगाला काही लागत नाही. सिसप्लॅटिनची केमो झाली असेल तर किडन्यांना पाणी हवं असतं, दारू पाणी बाहेर काढते.

तोंड भरून आल्यावर मात्र खरा मोह सुरू होतो. चव परत येते, लोक बोलवायला लागतात, कामाला सुरुवात होते. तेव्हाच निर्णय लिहून ठेवायचा. सणाच्या, हळदीच्या, गटारीच्या आधी. संध्याकाळी सात वाजता घेतलेला निर्णय आणि सकाळी दहा वाजता चहा पिताना घेतलेला निर्णय सारखा नसतो. मी सकाळी दहाचा घेतला.

डॉक्टरांना काय विचारायचं

"दारू चालेल का?" असं विचारू नका. गर्दीच्या ओपीडीत त्याचं उत्तर एका शब्दात मिळतं आणि एका शब्दाचं उत्तर हळदीच्या मांडवात टिकत नाही. वहीत प्रश्न लिहून न्या आणि तिथंच उत्तरं लिहून घ्या. माझी वही छापखान्यातली जॉबची वही आहे, मागच्या बाजूनं सुरू केलेली.

मी विचारलेले आणि मला उपयोगी पडलेले प्रश्न सांगतो. माझा कॅन्सर तंबाखू-दारूचा की विषाणूचा? टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी कॅन्सर असेल तर एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेली असते, तिचा रिपोर्ट दाखवून विचारा. एचपीव्हीचा निघाला म्हणून दारूला मोकळीक मिळत नाही, पण तुमचा धोका कुठून येतोय हे कळतं. तोंडात कुठे पांढरा चट्टा किंवा घट्ट झालेली त्वचा उरली आहे का? असेल तर माझ्या मते विषय तिथंच संपला. लिव्हर आणि किडनीचे आताचे रिपोर्ट काय सांगतात? मानेला शेक बसले असतील तर थायरॉइड मंदावू शकतो, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा महिने ते वर्षानं करायची असते. थायरॉइड कमी पडला की टीएसएच वाढतो, थकवा येतो, उदास वाटतं, आणि माणूस त्या उदासीवर उपाय म्हणून बाटलीकडे वळतो. आधी रक्त तपासा.

आणि गिळण्याचं विचारा. याकडे आपण सगळेच दुर्लक्ष करतो. हळदीतला तो खोकला मी पुढच्या तपासणीला खरा सांगितला. डॉक्टर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी मला गिळण्याच्या थेरपिस्टकडे पाठवलं. तिथं कळलं की पातळ पदार्थ माझ्या श्वासनलिकेत थोडा थोडा जातोय. पाणीसुद्धा. काही रुग्णांना तर खोकलासुद्धा येत नाही आणि पदार्थ गुपचूप फुफ्फुसात उतरतो, मग न्यूमोनिया होतो. मला हनुवटी छातीकडे झुकवून, छोटा घोट घेऊन गिळायला शिकवलं. दारूनं हेच सगळं सुस्त होतं, गिळण्याचं भान, खोकला, झोपेतली जाग. श्वासासाठी गळ्याला भोक केलेल्या माणसानं नशेत झोपणं किती धोक्याचं असेल, ते मी वेगळं सांगायला नको.

औषधांची चिठ्ठी पूर्ण न्या. दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन, नसांच्या दुखण्यासाठी प्रेगाबालिन, झोपेच्या गोळ्या, यांच्याबरोबर दारू घेतली तर श्वास मंदावू शकतो. दातांच्या डॉक्टरांनी मेट्रोनिडॅझोल दिलं असेल तर दारूबरोबर ते उलट्या आणि धडधड आणू शकतं. दातांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, शेक घेतलेल्या जबड्याचा दात कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढून घेऊ नका. जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

रोज पिणाऱ्यानं एकदम सोडू नये

हा परिच्छेद घाईत वाचू नका. ज्याला रोज लागते, सकाळी हात थरथरतो, त्यानं हे सगळं वाचून आज संध्याकाळी बाटली फोडली तर जिवाला धोका होऊ शकतो. काही तासांत घाम, थरथर, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस भ्रमात जाऊन भिंतीवर किडे दिसतात म्हणायला लागतो. आमच्या वॉर्डात एक जण ऑपरेशननंतर तिसऱ्या रात्री नळ्या उपसून पळायला लागला. घरच्यांनी दारू लपवून सांगितली होती, "कधीमधी घेतात" म्हणून. त्याला आधीच औषधं देता आली असती.

म्हणून रोजची असेल तर खरं प्रमाण ऑपरेशनच्या आधीच भूलतज्ज्ञांना सांगा, आणि नंतर सोडायची असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा. बी-वन जीवनसत्त्व आणि थरथर आवरणाऱ्या गोळ्या देऊन ती सुखरूप सुटते. इच्छा कमी करणारी औषधंही आहेत, नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट. कॅन्सरच्या बाकी औषधांबरोबर ती चालतात का हे दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावून ठरवा. विशेषतः नाल्ट्रेक्सोन आणि मॉर्फिन-ट्रॅमाडॉल एकत्र चालत नाहीत. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, गावोगावी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठीतून सभा होतात, आणि केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन १४४४६ आहे. कॅन्सरमधून वाचलेल्या माणसानं व्यसनाची मदत मागण्यात कसलाही कमीपणा नाही.

घरातल्यांना एक विनंती. न सांगता औषध जेवणात कालवू नका. दारू सोडवण्याचं एक औषध असं आहे की त्यावर माणूस प्यायला तर जीव घाबराघुबरा होतो, रक्तदाब घसरतो. आपल्यासारख्या अशक्त माणसाला ते झेपणार नाही.

तरीही घेणारच असाल तर

मी हे लिहू नये असं बायकोचं म्हणणं होतं. पण मला माहीत आहे की काही जण घेतात, आणि लपवून घेतात, आणि मग तपासणीला जायचंच टाळतात. त्यापेक्षा हे बरं. डॉक्टरांना सांगून घ्या. तंबाखू, सुपारी, सिगारेट आजूबाजूला असेल त्या जागी कधीच घेऊ नका. ३० मिली मोजून, भरपूर पाण्यात, जेवणाबरोबर, बसून, खोकला नसेल तेव्हा. रोज नाही, दर आठवड्यालाही नाही. लगेच तोंड पाण्यानं खळखळून धुवा. आणि एकदा घेतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी वहीत लिहा, हात खिशाकडे गेला का? दुसरा ग्लास मागितला का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर "हो" असेल तर तुमच्या बाबतीत "थोडी" असं काही नसतं. माझ्या बाबतीत नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कोणतंच प्रमाण नाही, आणि ते धडधाकट माणसांसाठी सांगितलं होतं.

"थोडी हृदयाला चांगली असते" हे कोणी ऐकवलं तर त्याच्याशी वाद घालू नका. तुमचं हृदय तपासायला कार्डिऑलॉजिस्ट आहे.

न दिसणारी दारू

बाजारातल्या काही माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. कोरड्या तोंडाला ते आग लावतं आणि आणखी कोरडं करतं. बाटलीवर वाचून बिनअल्कोहोलचं घ्या, नाहीतर सरळ चिमूटभर मीठ आणि खाण्याचा सोडा कोमट पाण्यात घालून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरा. मी अजून करतो. आसव आणि अरिष्टांत आंबवल्यामुळे तयार झालेलं अल्कोहोल असतं, बाटलीवर तसं लिहिलेलंही असतं. ताकद यावी म्हणून घरचे मायेनं द्राक्षासव आणतात. वैद्यांना आपला आजार सांगून दुसरं काही मागा. खोकल्याची काही औषधं आणि होमिओपॅथीची मूळ अर्कंही तशीच. झिरो बिअर घ्यायची असेल तर लेबल वाचा, काहींत अर्ध्या टक्क्यापर्यंत असतं. मी तीही घेत नाही. तो वास आणि तो ग्लास हातात आला की मला तंबाखू आठवते.

लोकांना नाही म्हणणं

माझ्या धंद्यात हे सगळ्यात अवघड होतं. ज्याची पत्रिका छापतो तो आग्रहानं हळदीला बोलावतो. पहिल्या वर्षी मी कारणं सांगत बसायचो, गोळ्या चालू आहेत, उपास आहे. कारण सांगितलं की समोरचा त्यावर तोड काढतो. गोळ्या उद्या घे, उपास सुटला की. आता मी एकच वाक्य बोलतो, "जिभेचं ऑपरेशन झालंय, मी घेत नाही." एवढं बोललो की माणूस गप्प होतो, आणि बऱ्याचदा थोड्या वेळानं बाजूला येऊन विचारतो, "भावा, माझ्या गालाला आत एक पांढरं दिसतंय, बघशील का?" अशा तिघांना मी आतापर्यंत दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलोय.

हातात काहीतरी असावं लागतं, हे खरं आहे. रिकामा हात लोकांना खटकतो आणि आपल्यालाही. तांबडा रस्सा मला आता झेपत नाही, पांढरा चालतो, तोही कोमट आणि मिरी कमी घातलेला. मी पांढऱ्या रश्श्याची वाटी हातात धरून बसतो. थेरपिस्टनं सांगितल्याप्रमाणे तो किंचित दाट असतो, म्हणून घशात नीट उतरतो. मेहुण्याला हे पाठ झालंय. यंदाच्या गटारीला त्यानं माझ्यासाठी पांढऱ्याचं वेगळं भांडं बाजूला काढून ठेवलं होतं, झाकण घालून. वर कुणी हात लावू नये म्हणून "दाजी" असं कागदावर लिहून चिकटवलं होतं.

पुढची तपासणी येत्या मंगळवारी आहे. वहीत दोन प्रश्न लिहिलेत. डाव्या बाजूची दाढ हलतेय, तिचं काय करायचं? आणि टीएसएच गेल्या वेळी वाढलेला होता, थायरॉइडची गोळी वाढवायची का?